भूत जोलोकियाच्या नावाने विकलेली आठ रोपे

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात आमचे घर आहे आणि घराच्या गच्चीवर मी बरीच वर्षे मिरच्या लावत आले आहे. माझा भाचा सैन्यात असून त्याची नेमणूक आसामातल्या तेजपूरला असताना त्याने एकदा भूत जोलोकिया या तिकडच्या जहाल तिखट मिरचीचे मोहरीच्या तेलातले लोणचे आणले होते. बरणी उघडताच दरवळणारा पिकलेल्या फळासारखा वास आणि घास गिळल्यावर हळूहळू चढत जाणारा तो जाळ मी विसरू शकले नाही. ही मिरची आपल्या कुंडीत यावी, ही इच्छा तेव्हापासून मनात होती, आणि मागच्या जुलैत एका रोपविक्याने नेमका तिचाच फायदा घेतला.

शहरातल्या एका छोट्या प्रदर्शनात त्याने टेबल मांडले होते. मी मराठी आहे हे कळताच तो ‘काकू’ म्हणून बोलू लागला, लाल सुरकुतलेल्या मिरच्यांची छायाचित्रे दाखवू लागला आणि रोपे थेट आसामातून आणल्याचे सांगू लागला. 250 रुपयांना एक या दराने मी आठ रोपे घेतली, शिवाय या जातीला लागणारे म्हणून 450 रुपयांचे ‘खास खत’ही घेतले. पावती मागितली तेव्हा त्याने फोन नंबर लिहिलेला कागद दिला आणि मी तो मुकाट्याने पर्समध्ये ठेवला. या सगळ्या प्रकरणातली माझी सर्वांत मोठी चूक तीच होती.

रोपे जोमाने वाढली आणि पाचव्या आठवड्यातच फुलली. तिथेच मला शंका यायला हवी होती, कारण भूत जोलोकिया ही सावकाश वाढणारी मिरची आहे. तिचे बी रुजायलाच कित्येकदा तीन-चार आठवडे लागतात आणि फळ पिकायला आपल्या नेहमीच्या मिरचीपेक्षा पुष्कळ अधिक वेळ लागतो. माझ्या झाडांची पाने अरुंद व गुळगुळीत होती आणि प्रत्येक बेचक्यात एकच पांढरेशुभ्र फूल होते. खऱ्या भूत जोलोकियाची पाने रुंद व काहीशी चुरगळल्यासारखी असतात, एका बेचक्यात बहुधा दोन किंवा त्याहून जास्त फुले येतात आणि ती हिरवट पांढरी असतात. हे सारे मला नंतर कळले.

सप्टेंबरच्या शेवटी पहिला तोडा केला. सुनेने हातमोजे घालून एक मिरची चिरली, मी टोकाचा तुकडा जिभेवर ठेवला आणि तो भाजीवाल्याच्या मिरचीसारखाच लागला. विक्रेत्याला फोन केल्यावर त्याने सांगितले की पहिल्या तोड्यात तिखटपणा येत नाही. पुढच्या महिन्यात त्याचे म्हणणे असे झाले की शेजारच्या कुंडीतल्या साध्या मिरचीचे पराग लागल्यामुळे फळ सौम्य झाले. हे साफ खोटे आहे. दुसऱ्या झाडाच्या परागाचा परिणाम बियांत उतरतो आणि त्या बिया पेरल्यावर पुढच्या पिढीत दिसतो. तिखटपणा ज्यात तयार होतो तो फळातला पांढरा गाभा मात्र त्याच झाडाचा भाग असतो, त्यामुळे या वर्षीचे फळ परागाने सौम्य होत नाही.

त्याचे तिसरे कारण अधिक घातक होते, कारण त्यात सत्याचा अंश होता. ग्वाल्हेरच्या कोरड्या हवेत ही मिरची तिखट होतच नाही, असे तो म्हणाला. तेजपूर आणि ग्वाल्हेर येथे वाढवलेल्या भूत जोलोकियाची तुलना करणारा एक अभ्यास 2005 साली प्रसिद्ध झाला आहे आणि आपल्याकडे तिचा तिखटपणा निम्म्याहून अधिक घटतो, असेच त्यात आढळले. पण 2007 साली गिनेसने जगातील सर्वांत तिखट मिरची म्हणून जिची नोंद केली, तिचे मोजमाप तिखटपणा मोजण्याच्या स्कोव्हिल एककात 10 लाखांहून अधिक होते. त्यातला निम्म्याहून जास्त भाग वजा केला तरी जे उरते ते साध्या मिरचीच्या कितीतरी पट असते. हवेमुळे तिखटपणा कमी होईल, पण पानाचा आकार आणि बेचक्यातल्या फुलांची संख्या हवेने बदलणार नाही. हा हिशेब मी मांडला तेव्हा त्याने फोन ठेवला आणि त्यानंतर कधीच उचलला नाही.

ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 क्रमांकावर मी फोन केला. तिथल्या मुलीने सगळे शांतपणे ऐकून घेतले, परंतु पावती नाही, दुकानाचा पत्ता नाही, पैसे रोख दिलेले, अशा स्थितीत तक्रार कोणाविरुद्ध पुढे न्यायची, हा तिचा प्रश्न रास्त होता. जुलै ते नोव्हेंबर असे पाच महिने त्याने मला एकेका कारणावर थांबवून ठेवले, आणि तेवढ्यात प्रदर्शन कधीच उठून गेले होते. माझ्याबरोबर रोपे घेतलेल्या आमच्या गल्लीतल्या दोन बायकांचीही हीच गत झाली. त्यांतल्या एकीने तर त्याच्या सांगण्यावरून खताची दुसरी पिशवीही मागवली होती.

भाच्याने आता तेजपूरच्या एका मित्राकडून पिकून वाळलेल्या चार मिरच्या मागवून दिल्या आहेत. त्यांतल्या बिया मी फेब्रुवारीच्या अखेरीस पेरल्या आणि बाविसाव्या दिवशी पहिला कोंब वर आला. आठापैकी सहा झाडे मी उपटली. दोन ठेवली आहेत, कारण कोणी रोपे घेण्यापूर्वी विचारायला आले, तर बेचक्यातले ते एकटे पांढरे फूल मला त्यांना प्रत्यक्ष दाखवता येते.