अकरावीतल्या पोरासाठी पंचवीसच्या स्पीडची ई-स्कूटर की ११० सीसी?

दापोली-हर्णै साइडला हा प्रश्न हमखास येतो. २५० वॉटपर्यंतची, ताशी २५ च्या वर न पळणारी ई-स्कूटर घेतली तर लायसन नको, पासिंग नको, पण उतरून हर्णैला गेलात की परत चढताना ती रडते, डबलसीट तर विसराच.

११० सीसी चढ आरामात काढते, पण सोळाव्या वर्षी मिळणारं लायसन विनागिअर ५० सीसीपर्यंतच चालतं, आणि तसली गाडी शोरूमला दिसते कुठे? १८ च्या आत पोरगा पकडला गेला तर पालकांना २५ हजार दंड, शिवाय तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

सपाट गावात ई-स्कूटरच बरी. पावसात जांभ्यावरच्या शेवाळावर दोन्ही घसरतात, हेल्मेट घालाच.