खानापूर रोडवरचं बिनबोर्डाचं गॅरेज आणि आमच्या १६१३ चं ऑईल गळणं

आधी रेटिंग सांगून टाकतो, पाचात साडेचार. अर्धा का कापला ते खाली येईलच. गॅरेजला बोर्ड नाही. बेळगावात उद्यमबाग सोडून मच्छेच्या बाजूला निघालं की रस्त्याला लागून एक पत्र्याचं शेड आहे, पुढं ट्रॅक्टरची दोन इंजिनं उघडी पडलेली आणि एक चिंचेचं झाड, तेच. मिस्त्रींचं नाव लिहीत नाही, सगळे मामाच म्हणतात, तुम्हीपण मामा म्हणा.

गाडी आमची टाटा १६१३ ट्रक, केए २२ पासिंग, बाबांनी सेकंडहँड घेतलेली. सीझनला ऊस, एरवी खानापूरच्या विटा. इंजिन ६९७. माहीत नसेल त्यांच्यासाठी, ६ सिलिंडर आणि ९७ मिलीमीटर बोर (सिलिंडरच्या भोकाची रुंदी) म्हणून ६९७, जुन्या टाटा ४०७ चं ४९७ पण त्याच हिशोबानं. इंजिन दगड आहे एकदम, पण दोन वर्षं झाली गळायलं होतं. सुरुवातीला सकाळी गाडीखाली रुपयाएवढा डाग दिसायचा, मग भाकरीएवढा झाला, मग आई विचारायला लागली की रोज अंगणात सडा कोण घालतंय. शेवटी आठवड्याला दोन लिटर ऑईल वरून घालायची पाळी आली.

मामांकडं जायच्या आधी दुसऱ्या एका गॅरेजात वर्षभरात तीनदा चेंबरचं, म्हणजे इंजिनखालच्या ऑईलच्या टाकीचं, पॅकिंग बदलून झालं होतं. नाव घेत नाही, कुणाच्या पोटावर कशाला पाय द्या. दरवेळी तेच, चेंबर खाली, नवीन कॉर्कचं पॅकिंग, वर सिलिकॉनची आख्खी ट्यूब पिळायची आणि पान्याला पाईप घालून बोल्ट आवळायचे. पंधरा दिवस कोरडं, सोळाव्या दिवशी परत टपटप.

मामांनी पहिले दोन तास पाना हातातच घेतला नाही. गाडीखाली झोपले, बोटाला ऑईल लावून नाकाजवळ नेलं, म्हणाले हे इंजिनचंच, गिअर ऑईल असतं तर गंधकासारखा उग्र वास आला असता. मग पोऱ्याकडून सगळं इंजिन डिझेल आणि ब्रशनं धुवून घेतलं, हवा मारून कोरडं केलं आणि आतनं चक्क अंगाला लावायची पावडर आणली. मला वाटलं काय खेळ चाललाय. ती पावडर चिंधीत घेऊन इंजिनभर उडवली, गाडी चालू केली आणि आम्ही चहाला बसलो. अर्ध्या तासानं बॅटरी मारून बघितलं तर पांढऱ्यावर काळी रेघ स्पष्ट, टर्बोतून ऑईल खाली उतरवणारी जी नळी असते तिच्या वरच्या जोडापासनं निघून ब्लॉकवरनं थेट चेंबरच्या कडेला. दुसरी रेघ टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणाच्या, मागच्या कोपऱ्यातनं. ऑईल उताराला लागतं आणि गाडी पळताना वाऱ्यानं मागं सरकतं, त्यामुळं थेंब जिथनं पडतोय तिथंच गळतंय असं नसतं, सगळ्यात वरची ओली जागा शोधायची असते. चेंबर पण गळतच होतं, पण त्याचा नंबर तिसरा.

खरी गंमत पुढं आहे. इंजिन चालूच होतं, मामांनी ऑईल भरायचं झाकण काढून तिथंच उलटं करून नुसतं ठेवलं. झाकण थडथड नाचलं आणि खाली पडलं. मग इंजिन बंद करून ब्रीदरची (इंजिनातली हवा बाहेर सोडणारी) नळी काढली आणि मला म्हणाले फुंका. गाल दुखले पण हवा काय पलीकडं जाईना. "इंजनाच्या पोटात वारं धरलंय बगा. म्हशीचं पोट फुगलंय आणि तुमी वरनं पट्ट्या बांधायलाय. वाऱ्याला बाहेर पडायची वाटच न्हाई, मग ते पॅकिंग फाडून न्हाईतर सील ढकलून जाणारच की." रिंगा झिजल्या की थोडा धूर पिस्टनच्या बाजूनं खाली उतरतोच, तो बाहेर सोडायचं काम ब्रीदरचं. आमच्या ब्रीदरच्या जाळीत विटांची धूळ आणि ऑईल मिळून लाल चिखलाचा गोळा झालेला, सळई घालून काढावा लागला. जाळी डिझेलमध्ये धुतली, परत झाकण ठेवून बघितलं, आता नुसतं थरथरत होतं, पडलं नाही. तीन पॅकिंगांचे पैसे मी ह्या गोळ्यापायी घातले.

चेंबर उतरवल्यावर तर डोकंच फिरलं. पाईप घालून आवळल्यानं पत्र्याच्या कडेला प्रत्येक भोकाभोवती वाटीसारखा खळगा पडलेला, म्हणजे बोल्टपाशी पॅकिंग चिरडलेलं आणि दोन बोल्टांच्या मधे दाबच नाही. आणि ऑईल पंपाच्या जाळीत सिलिकॉनचे तुकडे, शेवयांसारखे! ती जाळी तुंबली असती तर ऑईलचं प्रेशर गेलं असतं, मग बेअरिंग, मग क्रँक, मी चोर्ला घाटात डोक्याला हात लावून बसलो असतो. मामांनी कड लोखंडी ठोकळ्यावर धरून हातोडीनं एकेक भोक सपाट केलं, जुनं सिलिकॉन खरवडून काढलं, आणि नवीन पॅकिंग जवळजवळ कोरडंच लावलं, फक्त कोपऱ्यात बोटभर सिलिकॉन. बोल्ट आखूड पान्यानं, मधनं बाहेर, समोरासमोरचे असे आवळले. मनगटाचा जोर लावायचा, खांद्याचा नाही म्हणे. गाडी गरम होऊन गार झाल्यावर परत एक फेरी.

आता बोल्ट. टर्बोच्या त्या नळीच्या जोडाला दोन बोल्ट, त्यातल्या एकाची मुंडी आधीच्या गॅरेजातच तुटलेली आणि तिथं सिलिकॉन थापून आम्हाला न सांगता गाडी दिलेली. मला पत्ताच नव्हता. दुसरा बोल्ट पण गंजून एकजीव, मुंडी गोल व्हायला आलेली. मी म्हटलं मामा गॅसनं उडवा की. ते नुसते हसले. थिनर आणि पॉवर स्टेअरिंगचं ऑईल अर्धं अर्धं मिसळून एका इंजेक्शनच्या सिरिंजमध्ये भरलेलं असतं त्यांच्याकडं, ते दोन्हीकडं थेंब थेंब सोडलं, हलक्या हातोडीनं टकटक केलं आणि घरी जा म्हणाले. दुसऱ्या दिवशी परत तेच. तिसऱ्या दिवशी मुंडी असलेल्या बोल्टाला सहा कोनी बॉक्स पाना घट्ट बसवून आधी आवळायच्या बाजूला जरासा हलवला, मग सोडायच्या. टक्क असा आवाज आला. मग पाव आटा मागं, पाव आटा पुढं, मधे थेंब, परत मागं, असं करत बाहेर. बारा कोनी रिंग पाना अशा ठिकाणी घातलात तर कोपरे झिजलेच म्हणून समजा.

तुटलेल्यावर वेल्डिंग. आधी बॅटरीची केबल काढली, ऑईल पुसून घेतलं, डिझेलच्या नळ्यांवर ओलं पोतं टाकलं, मग उरलेल्या खुंटावर एक मोठा नट ठेवून भोकातनं आत वेल्ड भरला. पहिला नट निघून हातात आला. दुसरा पण. तिसऱ्याला मामा बराच वेळ थांबले, लाली गेल्यावर मेणबत्ती टेकवली, मेण वितळून आट्यात शिरताना दिसत होतं, आणि मग पाना लावल्यावर तो खुंट असा निघाला की जणू काय कधी अडकलाच नव्हता. आमचा क्लीनर शिट्टी मारला. आटे टॅप (आटे पाडायचं हत्यार) घालून साफ केले, नवीन बोल्टांना ग्राफाईट ग्रीस लावून बसवले म्हणजे पुढच्या वेळेला ही कटकट नको.

आता अर्धा स्टार. दोन दिवस सांगून पाच दिवस लागले. दोन रात्री बोल्ट भिजत होते हे कबूल, पण उरलेला एक आख्खा दिवस मामा कुणाच्यातरी जेसीबीसाठी यमनापूरला गेलेले आणि फोन उचलत नव्हते, विटांच्या दोन खेपा माझ्या बुडाल्या. बिल म्हणजे सिगारेटच्या पाकिटाच्या मागं लिहिलेला आकडा. लेबर ६,५०० घेतले, सामान आणि ऑईल मीच आणून दिलं. मला जास्त वाटले नाहीत, पण पक्कं बिल पाहिजे असेल तर इथं जाऊ नका. बसायला एक टायर आहे.

आणि हो, गळणं शंभर टक्के बंद नाही. क्रँकच्या मागच्या सीलमधनं बेल हाऊसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधल्या खोक्याच्या) खालच्या भोकातनं अजून थेंब येतात. मी म्हटलं तेपण करून टाका, तर मामा म्हणाले त्याला गिअरबॉक्स उतरवायला लागतंय, क्लच प्लेट अजून चांगली हाय, प्लेट बदलायला याल तवा एकाच लेबरमधी करू. दुसरा कोण असता तर लगेच गिअरबॉक्स खाली घेतला असता. महिना झाला, रात्री गाडीखाली पुठ्ठा टाकतो, सकाळी तीन-चार थेंब असतात आणि ऑईल मोजायच्या पट्टीवरची पातळी हाललेली नाही.

जाणार असाल तर सकाळी नऊच्या आत जा, नंतर मामा बाहेर पडतात. जुनी चिंधी पोतंभर घेऊन जा, खूष होतात.