कासव भाजीच्या वाफ्यात मोकळं, की शेजारच्या कुंपणात?

घरामागे अंगण आहे, भाजीचे चार वाफे आहेत आणि कासव पाळायचं घाटतंय. अशा वेळी तीन रचना समोर येतात: कासव वाफ्यांत मोकळं सोडणं, त्याला वेगळं कुंपण करणं, किंवा हंगाम संपल्यावरच रिकाम्या वाफ्यात सोडणं. हा आढावा मुख्यतः अमेरिकेत राहणाऱ्या मराठी घरांसाठी आहे. भारतात प्रश्न कायद्यापासून सुरू होतो, त्याबद्दल पुढे.

आधी धोका नेमका कुठे आहे ते पाहू. माणसाला अन्नातून विषबाधा करणारा साल्मोनेला जिवाणू कासवाच्या आतड्यात सुखाने राहतो आणि कासव मात्र ठणठणीत दिसतं. विष्ठेतून तो सतत नव्हे, अधूनमधून बाहेर पडतो. त्यामुळे एखादी तपासणी स्वच्छ आली तरी तिच्यावर विसंबता येत नाही. 4 इंचांपेक्षा लहान कवचाची कासवं पाळीव म्हणून विकायला 1975 पासून अमेरिकेत बंदी आहे ती याचमुळे. लहान मुलं ती हातात घेत, तोंडातही घालत. पाच वर्षांखालची मुलं, 65 च्या पुढची माणसं आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले लोक ज्या घरात आहेत तिथे सरपटणारे प्राणी नकोतच, असा सीडीसीचा (अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेचा) सल्ला आहे. आजी-आजोबा दरवर्षी सहा महिने राहायला येत असतील, तर घरातल्या माणसांत त्यांनाही धरा.

मोकळं सोडणं

व्हिडिओत छान दिसतं, प्रत्यक्षात दोन्हीकडून तोटा. कासव तण तेवढं वेचून खात नाही. ते आधी कोवळी रोपं खातं, मग उरलेली तुडवतं. गोगलगायी खाईल ही आशाही फोल आहे. गोगलगायी बॉक्स टर्टल जातीचं कासव खातं, रशियन आणि हर्मन जातींची कासवं शाकाहारी. खताचं म्हणाल तर एका कासवाची विष्ठा अर्ध्या वाफ्यालाही पुरत नाही.

अन्नसुरक्षेच्या दृष्टीने अडचण अशी की विष्ठा पडल्या जागी राहत नाही. कासव ती तुडवतं, पायाला आणि पोटाकडच्या कवचाला लावून पुढच्या रोपांवरून जातं. मग पाऊस किंवा फवारा पडला की माती उडून खालच्या पानांवर बसते. कोथिंबिरीची जुडी उलगडून पाहा: देठांच्या बेचक्यात माती अडकलेली असते आणि तीन पाण्यांनी धुतल्यावरही थोडी राहते. धुण्याने जिवाणू कमी होतात, जात नाहीत. शिजवल्याने जातात, अन्न आतपर्यंत 74 अंश सेल्सिअसला पोचलं पाहिजे.

म्हणून निर्णय कासवावरून करण्यापेक्षा ताटावरून करावा. कोथिंबीर, पुदिना, कांद्याची पात, मुळा, कोशिंबिरीचं गाजर, तुळस हे कच्चं पोटात जातं. ज्या परसात हे पिकतं तिथे मोकळं कासव नको. मेथी, अंबाडी, लाल माठ शिजतात, पण चिरताना तीच माती विळीवर, पाटावर आणि हातांना लागते, आणि त्याच पाटावर मग काकडी चिरली जाते. दुधी, कारली, पडवळ, घेवडा मांडवावर दोन-तीन फूट वर लटकतात. मोकळ्या कासवाबरोबर काही जमलंच तर हेच जमेल, तेही जमिनीला टेकलेलं फळ बाजूला काढून.

कासवाचा तोटा वेगळाच. टोमॅटो, बटाटा, वांग्याची पानं आणि रुबार्बचं पान त्याला विषारी. अळूवडीसाठी लावलेल्या अळूत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, त्याने तोंड आणि घसा सुजतो. पालक, चार्ड, बीटची पानं नेहमी खाल्ली तर ऑक्झलेट कॅल्शियम अडवतं. कुंडीच्या मातीतले परलाइटचे पांढरे दाणे कासव गिळतं आणि आतडं तुंबतं. बोनमीलचा, म्हणजे हाडांच्या चुऱ्याच्या खताचा वास त्याला ओढतो. गोगलगायींसाठी टाकलेल्या मेटाल्डिहाइडच्या गोळ्या जीव घेतात. भाजीवर औषध फवारायचं असेल तर कासव तिथे नसलेलंच बरं.

वेगळं कुंपण

आमची शिफारस हीच. खर्च एकदाच होतो, पण बांधणी नीट हवी. रशियन कासवासाठी भिंत जमिनीवर 16 ते 18 इंच आणि जमिनीत 8 ते 12 इंच. हे कासव खणतं, आणि कोपऱ्यात अंग रेटून चढतंही. म्हणून चारही कोपऱ्यांवर आडव्या फळ्या ठोका. जाळी वापरू नका. पलीकडचं दिसत राहिलं की कासव दिवसभर तिथेच ढकलत बसतं, नाक सोलवटून घेतं. फळ्या किंवा सिमेंटचे ब्लॉक चांगले. जुनं, 2004 च्या आधीचं प्रक्रिया केलेलं लाकूड मात्र घेऊ नका, त्यात आर्सेनिक असण्याची शक्यता मोठी. रॅकून किंवा कुत्री येत असतील तर रात्री कासव बंद पेटीत.

जागा उताराच्या खालच्या बाजूला हवी, म्हणजे पावसाचं पाणी कुंपणातून वाफ्यांकडे वाहणार नाही. वाफ्यांना ठिबक द्या, फवारा नको.

आणि पाणी. विष्ठेइतकंच लक्ष इथे द्यायला हवं, पण बहुतेक जण देत नाहीत. कासवाला कोमट पाण्याच्या घमेल्यात बसवलं की ते हमखास तिथेच घाण करतं. हे पाणी 'खताचं' म्हणून झारीत भरून कोथिंबिरीला घालणं म्हणजे जिवाणू हाताने पानावर शिंपडणं. ते शौचालयात ओता, किंवा जे खायचं नाही अशा झुडपाच्या बुंध्याशी. स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये घमेलं धुवायचं नाही. कुंपणासाठी खुरपं, बादली, हातमोजे वेगळे, त्यांच्या मुठींना लाल रंग लावून ठेवा. क्रम ठरवा: आधी भाजी तोडायची, मग कासवाकडे जायचं, मग साबणाने 20 सेकंद हात. उलट क्रम नको.

वाफ्यांतून कासवाकडे माल जरूर जाऊ द्या: डँडेलियन, चिकोरी, क्लोव्हर, तुतीची आणि द्राक्षाची पानं, जास्वंदीची फुलं. उरलेलं उष्टं पुन्हा भाजीच्या कंपोस्टमध्ये टाकू नका. कंपोस्टने जिवाणू मारायचे तर ढीग उलटत राहून 15 दिवस 55 अंशांवर राहिला पाहिजे आणि त्या काळात किमान पाच वेळा पलटला पाहिजे. त्यासाठी साधारण एक घनमीटर माल लागतो. घरगुती डबा क्वचितच तेवढा तापतो. कासवाची विष्ठा पिशवीत बांधून कचऱ्यात, हे सोपं.

हंगामानंतर सोडणं

हा मधला मार्ग शिस्तीच्या माणसालाच साधतो. यूएसडीएच्या (अमेरिकेच्या कृषी खात्याच्या) सेंद्रिय नियमात कच्च्या शेणखताचं अंतर दिलं आहे: खायचा भाग मातीला लागत असेल तर काढणीच्या 120 दिवस आधी, लागत नसेल तर 90. नियम शेतकऱ्यांसाठी आणि मातीत मिसळलेल्या खतासाठी आहे, पण घरीही तोच धरावा. कासव 1 नोव्हेंबरला वाफ्यातून काढलं तर 120 दिवस 1 मार्चला भरतात. दिवस काढणीपर्यंतचे मोजायचे, पेरणीपर्यंतचे नाहीत. तरी थंड, ओल्या मातीत जिवाणू जास्त टिकतात, म्हणून पहिलं पीक दुधी किंवा घेवडा घ्या, कोथिंबीर पुढच्या खेपेला. रशियन कासव शरद ऋतूत शीतनिद्रेकडे वळतं, त्यामुळे हे वेळापत्रक त्याला तसं जुळतं.

सुल्काटा या मोठ्या आफ्रिकी जातीच्या कासवाला यातलं काहीच लागू नाही. ते 45 किलोच्या पुढे जातं, कित्येक फूट खोल बीळ करतं, गादीवाफ्याची फळी रेटून उखडतं, आणि त्याला शीतनिद्रा नसते, थंडीत तापवलेलं घर लागतं. भाजी आणि सुल्काटा एका छोट्या अंगणात नांदत नाहीत.

परवान्यांचे नियम राज्यागणिक वेगळे आहेत. कॅलिफोर्नियात वाळवंटी कासव परवान्याशिवाय ठेवता येत नाही आणि जंगलातून आणणं गुन्हा आहे.

भारतात तारा कासव वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आहे. पाळणं, विकणं, विकत घेणं सगळं बेकायदा, आणि 2019 पासून सायटीस या वन्यजीव-व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात असल्याने आंतरराष्ट्रीय व्यापारही बंद. सायटीसच्या यादीतल्या परदेशी जाती घरी असतील तर या कायद्याच्या 2022 च्या दुरुस्तीनंतर सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये दिसतं ते बहुतेक लाल कानपट्टीचं पाणकासव. माशांच्या टाकीचं पाणी झाडांना चांगलं, या समजुतीने त्याच्या टाकीचं पाणीही बाल्कनीतल्या पुदिन्याला घातलं जातं. ते फक्त शोभेच्या कुंड्यांना, बुंध्याशी. आणि नकोसं झालं म्हणून ते तळ्यात सोडायचं नाही, तिथल्या देशी कासवांच्या जागेवर आणि अन्नावर ते हक्क सांगतं.

कुंपण असूनही कासव निसटून वाफ्यात गेलं, तर विष्ठेला लागलेली भाजी फेकून द्या, धुऊन वाचवू नका. विष्ठा भोवतालच्या मातीच्या वरच्या थरासकट खरवडून काढा. शेजारच्या फूट-दीड फुटातलं जे कच्चं खायचं होतं ते खायला तोडू नका, शिजणारं असेल तर वेगळं धुऊन शिजवा. जागेवर काठी रोवून तारीख लिहा आणि 120 दिवस तिथे पालेभाजी लावू नका.