वाड्याचं बाहुलीघर करताय? १:१२ की १:२४, एमडीएफ की सनबोर्ड

बाहुलीघर करायचं ठरलं की पहिली चर्चा लाकूड घ्यावं की पुठ्ठा, इथूनच सुरू होते. पण त्याच्याही आधी ठरवायला हवं ते प्रमाण. ते एकदा पक्कं झालं की साहित्य, अवजारं, कौलांना लागणारी मेहनत आणि फ्लॅटमध्ये घर कुठे ठेवायचं, हे सगळं आपोआप मागोमाग ठरत जातं. इथे हिशेबासाठी दुमजली, चार खोल्यांचा वाडा धरला आहे. दर्शनी बाजू बंद, मागून उघडा.

प्रमाण

१:१२ म्हणजे खऱ्यातला एक फूट इथे एक इंच. हिशेब तोंडी होतो. विंडसरच्या किल्ल्यातलं राणी मेरीचं प्रसिद्ध बाहुलीघर (१९२१ ते १९२४, आराखडा नवी दिल्ली आखणाऱ्या एडविन लटयेन्स यांचा) याच प्रमाणात आहे, आणि बाजारात तयार मिळणारं बारीक सामानही बहुतेक याच मापाचं असतं. १:२४ म्हणजे त्याच्या निम्मं.

| वस्तू | खरं माप | १:१२ | १:२४ |
|---|---|---|---|
| खोलीची उंची | ९ फूट | ९ इंच | साडेचार इंच |
| दार | साडेसहा फूट | साडेसहा इंच | सव्वातीन इंच |
| जिन्याच्या पायरीची उंची | ७ इंच | १५ मिमी | ७.५ मिमी |
| भाकरी | ८ इंच | १७ मिमी | ८.५ मिमी |
| पाण्याचा पेला | ४ इंच | ८.५ मिमी | ४ मिमी |

आपला वाडा १:१२ मध्ये २४ इंच रुंद, १२ इंच खोल आणि छपरासकट सुमारे २३ इंच उंच होतो. त्याला स्वतंत्र टेबल लागतं. १:२४ मध्ये तोच वाडा पुस्तकांच्या कप्प्यात बसतो आणि पत्रा (शीट) एक चतुर्थांश लागतो. जागेची अडचण असेल तर प्रश्नच मिटला.

पण तक्त्यातली शेवटची ओळ पुन्हा बघा. साडेआठ मिलिमीटरचा पेला चिमट्याने धरून वळता येतो, त्याला काठ काढता येतो. चार मिलिमीटरच्या पेल्याला काठ काढायला भिंग लागतं. हाताने केलेले तपशील हाच ज्यांचा आनंद आहे, त्यांनी १:१२ घ्यावं. ज्यांना वाड्याचा बाहेरचा रुबाब हवा आहे आणि आत फार काही मांडायचं नाही, त्यांना १:२४ पुरतं.

पुण्याच्या तुळशीबागेतली पितळी भातुकली इथे मोठा निकष ठरते. त्यातलं दोन इंची भांडं १:१२ मध्ये दोन फुटांचं होतं, म्हणजे न्हाणीघरातलं घंगाळ किंवा पाण्याचा हंडा म्हणून अगदी शोभतं. १:२४ मध्ये तेच चार फुटांचं होतं आणि कुठेच बसत नाही. भातुकली घ्यायला जाताना खिशात पट्टी ठेवा आणि उंचीला बाराने गुणून बघा.

भिंतीची जाडी

वाड्याची भिंत दीड-दीड फूट जाड असते. १:१२ मध्ये ती दीड इंच, म्हणजे ३८ मिमी व्हायला हवी. एकेरी पाच मिमी पत्रा लावला तर खऱ्यातली अडीच इंचांची भिंत होते, आणि पाहणाऱ्याला कारण कळत नाही पण घर खोक्यासारखं दिसतं. म्हणून दर्शनी आणि बाजूच्या भिंती दुहेरी कराव्यात: दोन पत्रे, मध्ये सव्वा इंचाच्या आडव्या-उभ्या पट्ट्या. पोकळीतून दिव्यांच्या तारा जातात, आणि मुख्य म्हणजे कोनाडे, दिवळ्या, दाराची खोल चौकट खरी वाटते. आतल्या पत्र्याला कोनाड्याचं भोक आधी कापून घ्या. भिंत उभी राहिल्यावर कटर आत वळत नाही.

एमडीएफ आणि सनबोर्ड

एमडीएफ म्हणजे लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेला पत्रा. त्यापेक्षा सनबोर्ड हलका असतो हा समज इथे फारसा टिकत नाही. या वाड्याला सगळं मिळून सुमारे दीड चौरस मीटर पत्रा लागतो. चार मिमी एमडीएफमध्ये ते साधारण साडेचार किलो भरतं, पाच मिमी सनबोर्डमध्ये चार किलो. दुहेरी भिंतींनी एमडीएफचं घर सहा किलोंच्या वर जातं. खरा फरक कापण्यात, चिकटवण्यात आणि पावसाळ्यात पडतो.

सनबोर्ड म्हणजे पीव्हीसी प्लॅस्टिकचा फोम. नवं पातं, स्टीलची पट्टी आणि तीन फेऱ्या: पहिली अगदी हलकी, नुसती रेघ पाडण्यापुरती. पहिल्याच फेरीत जोर लावला की पातं तिरकं जातं आणि कड आतून उतरती होते. तो पाण्याने फुगत नाही. पण फेविकॉल त्याला धरत नाही, कारण पाणी शोषलं जातच नाही. सिंथेटिक रबरचा गोंद दोन्ही बाजूंना पातळ लावून, बोटाला चिकटेनासा झाला की दाबायचा. नंतर सरकवता येत नाही, म्हणून पेन्सिलच्या खुणा आधी हव्यात. फेविक्विक चालतं, पण दमट हवेत शेजारी पांढरी धूळ बसल्यासारखा डाग उठतो. रंगाआधी २२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून प्रायमर द्या, नाहीतर रंग नखाने निघतो. आणि सनबोर्ड लेझरवर कधीही कापायला देऊ नका. जळताना त्यातून हायड्रोजन क्लोराइडचा विषारी वायू निघतो.

एमडीएफला फेविकॉल पुरतं. मास्किंग टेपने बांधून एक दिवस ठेवलं की सांधा पत्र्याइतकाच पक्का. घरी करवतीने कापताना मास्क लावा, ही धूळ फार बारीक असते. महिरपी, सज्जाचा कठडा, जाळीच्या खिडक्या तीन मिमी एमडीएफमध्ये लेझरवर सुरेख निघतात. मात्र ‘तीन मिमी’ पत्रा प्रत्यक्षात २.७ ते ३.२ काहीही असू शकतो. व्हर्नियरने (बारीक जाडी मोजायच्या साधनाने) मोजल्याशिवाय खाचांची फाइल पक्की करू नका, नाहीतर सगळे सांधे एक तर हलतात, नाहीतर बसतच नाहीत.

एमडीएफचा शत्रू पाणी. जून ते सप्टेंबर उघड्या कडा ओल धरतात आणि फुगतात. फुगलेली कड परत बसत नाही. फेविकॉल आणि पाणी निम्मं-निम्मं करून कडांना दोन हात द्या, सुकल्यावर घासा. रंगाचा हात दोन्ही बाजूंना द्यायचा. एकाच बाजूला दिला की पत्रा धनुष्यासारखा वाकतो.

पहिलं घर करणाऱ्यांना आमचा सल्ला मिश्र पद्धतीचा आहे: मजले, मधली भिंत आणि सांगाडा एमडीएफचा, दुहेरी भिंतींचे आतले-बाहेरचे पत्रे तीन मिमी सनबोर्डचे, जाळ्या-कठडे लेझरचे. एमडीएफ आणि सनबोर्ड जोडताना गोंद सिंथेटिक रबरचाच. कागद चढवलेला फोमबोर्ड फक्त कच्च्या नमुन्यासाठी ठेवा. स्प्रे रंग आणि रबरचा गोंद दोन्ही त्याचा गाभा खातात.

पुण्यात एमडीएफचे तुकडे भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटकडे, सजावटीचं साहित्य बोहरी आळीत, कागद-कार्डशीट अप्पा बळवंत चौकात.

कौलं

कौलांची संख्या खऱ्या छपरावर ठरते, प्रमाणावर नाही. १:२४ घेतल्याने कौलं कमी होत नाहीत, फक्त हाताळायला अवघड होतात. मंगलोरी कौलं बासेल मिशनच्या १८६५ च्या कारखान्यानंतरची. पेशवाईतला वाडा दाखवायचा असेल तर नळीचीच कौलं हवीत.

१:१२ साठी आठ मिमी जाडीचे कागदी स्ट्रॉ उत्तम. स्ट्रॉ उभा चिरून दोन अर्ध्या नळ्या करा, मग १८ मिमीचे तुकडे पाडा. एका स्ट्रॉमधून २० कौलं निघतात. दर्शनी उतार २४ बाय ८ इंचांचा असेल तर ५५ रांगा आणि प्रत्येकीत १५, म्हणजे ८२५ कौलं, ४२ स्ट्रॉ. खालची उताणी नळी लावत बसू नका. छपराचा पत्रा आधी गडद तपकिरी रंगवला की रांगांमधली फट सावलीसारखी दिसते. खालून वर लावत जा, प्रत्येक कौल पाच मिमी झाकलं जाईल असं. दर पाचव्या रांगेला उभी रेघ आखलेली असू द्या. एक रांग मिलिमीटरभर सरकली तर शेवटी छप्पर तिरपं दिसतं. रंग तीन छटांत कालवून आधीच तुकड्यांना द्या आणि मिसळून लावा.

१:२४ ला हे काम हाताने करणं आम्ही सुचवणार नाही. बारीक लाटांच्या पुठ्ठ्याचा वरचा कागद ओला करून सोला, ९ मिमीच्या पट्ट्या कापा आणि एकावर एक चढवा. दोन हात अंतरावरून छान दिसतं.

माती आणि दिवे

एअर-ड्राय क्ले सुकताना आकसते. तुळशी वृंदावन, चूल, जातं यांना चालते, पण पातळ ताटलीला तडे जातात. भाकरी, लाडू, भाजीची टोपली पॉलिमर क्लेची (भाजून घट्ट होणाऱ्या प्लॅस्टिकच्या मातीची) करा. ती पाकिटावरच्या तापमानाला, साधारण ११० ते १३० अंशांत, ओटीजीमध्ये (विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये) भाजायची, मायक्रोवेव्हमध्ये नाही. भाकरीवर टूथब्रशचे केस हलके टोचले की पापुद्रा खरा वाटतो. त्यावर तपकिरी खडूची पूड भाजण्याआधी लावा, नंतर धरत नाही.

दिव्यांसाठी तीन मिमीचे वॉर्म व्हाइट एलईडी तपकीर गल्लीत मिळतात. पाच व्होल्टच्या यूएसबीवर प्रत्येक एलईडीला स्वतंत्र २२० ओहमचा रेझिस्टर. सगळ्यांना मिळून एकच लावला की एखादा विझताच बाकीच्यांवर जास्त प्रवाह येतो. भिंतीचा बाहेरचा पत्रा चिकटवण्याआधी सगळे दिवे एक रात्र पेटते ठेवून बघा. नंतर तार सुटली तर भिंत फोडावी लागते.

मापं घेण्यासाठी बाजीराव रस्त्यावरच्या केळकर संग्रहालयात दिवे, अडकित्ते, भांडी आणि कोरीव दारं एकाच छताखाली बघायला मिळतात. सज्जा आणि सुरूच्या आकाराचे खांब बघायला विश्रामबागवाड्याच्या समोरच्या फुटपाथवर उभं राहायचं. फोटो तिरका न घेता अगदी समोरून घ्या, आणि चौकटीत एक उभा माणूस येऊ द्या. त्याच्या उंचीवरून बाकीची मापं काढता येतात.