'लाइव्ह प्रोजेक्ट'च्या नावाखाली माझे ३४,०३९ रुपये गेले

मी बी.एस्सी. आयटीच्या शेवटच्या वर्षाला आहे, गाव सिंधुदुर्गात खाडीकाठी. लिहिताना लाज वाटतेय. पण वर्गातल्या आणखी दोघी याच 'लाइव्ह प्रोजेक्ट'च्या कोर्सला पैसे भरायला निघाल्या होत्या, म्हणून लिहितेय.

मी हावरटपणाने गेले नाही. कॉलेजात अजून टर्बो सी प्लस प्लस या जुन्या सॉफ्टवेअरची निळी स्क्रीन आहे, प्रोग्राम जर्नलमध्ये हाताने उतरवायचे. इंटरव्ह्यूत मात्र गिट, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर, येतं का, प्रोजेक्ट कुठला केला, हेच विचारतात. मग 'खऱ्या क्लायंटचं काम, इंटर्नशिप, नोकरी' असं कुणी म्हटल्यावर मी जाणारच ना? रजिस्ट्रेशन १,९९९, फी २८,५००. आंब्याच्या पेट्यांचे पैसे नुकतेच आले होते. "तू शीक, पैशाचा मी बघतंय," बाबा म्हणाले.

कळायला हवं होतं ते दुसऱ्याच दिवशी. प्रोजेक्टचा कोड क्लोन केला, म्हणजे माझ्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतला, आणि सहज गिट लॉग चालवलं, म्हणजे बदलांची यादी पाहिली. काम म्हणे गेल्याच महिन्यात सुरू झालेलं, आणि कमिटवर, म्हणजे नोंदलेल्या बदलावर, तारीख २०१९ ची, नाव भलत्याच माणसाचं. ती पिवळी अक्षरं अजून डोळ्यांसमोरून जात नाहीत. मेंटॉरला विचारलं. "टेम्प्लेट आहे मॅडम, इंडस्ट्रीत असंच असतं." आणि मी गप्प बसले! त्याच रात्री कमिटमधली एक ओळ गूगलवर टाकायला हवी होती. नंतर टाकली, तर किराणा दुकानाचं ते फुकटचं ट्यूटोरियल गिटहबवर, म्हणजे लोक कोड ठेवतात त्या साइटवर, लगेच सापडलं. यांनी फक्त दुकानाचं नाव बदललं होतं. दोन महिने मी क्लायंटने सांगितलंय समजून बटणांचे रंग बदलत होते.

सर्टिफिकेटचे वेगळे ३,०००, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३,५४०. तेही भरले. पावतीवर जीएसटी नंबरच नव्हता. तुम्ही नंबर मागा आणि जीएसटीच्या पोर्टलवर तपासा. पैसे पोचल्यावर मला ग्रुपमधून काढलं, फोन बंद.

पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न, "ओटीपी दिलात का?" नाही म्हटल्यावर, "मग स्वतःहून दिलेत, फसवणूक कसली? दिवाणी मॅटर आहे." जिल्ह्याच्या ठिकाणी जा म्हणाले. दोन एसट्या बदलून गेले, तिथे १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा म्हणाले. केला. तक्रार क्रमांक मिळाला, पुढे काहीच नाही. पुन्हा ठाण्यात गेले तर साहेब बंदोबस्तात. बाबा माझ्याबरोबर तीन तास बाकावर बसून होते, त्यांना कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही. गुन्हा आमचाच असल्यासारखं वागवतात! पैसे गेल्या गेल्या १९३० ला फोन करा, माझ्यासारखे दोन महिने घालवू नका.

फी हप्त्याने भरा म्हणाले तर ते बहुतेक तुमच्या नावावरचं कर्ज असतं. माझ्या मैत्रिणीचा क्लास बंद पडला, हप्ते चालूच आहेत. गिट, पायथन शिकायला पैसे लागतच नाहीत. हार्वर्डचा सीएस५० हा कोर्स आणि फ्रीकोडकॅम्प ही साइट फुकट आहेत, एनपीटीईएलच्या (आयआयटींच्या ऑनलाइन) कोर्सना फक्त परीक्षेची फी.

आता जिल्हा ग्राहक आयोगात जातेय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे तक्रारीची फी नाही. अर्जाला पावत्या जोडल्यात, आणि त्या दिवशीच्या गिट लॉगचा स्क्रीनशॉट.