'फायबर पावडर' सांगून जुलाबाचं औषध विकलं

सांगलीतल्या एका आरोग्य मेळाव्यात माझ्या सासऱ्यांना, अण्णांना, 'शंभर टक्के नैसर्गिक फायबर' म्हणून एक पावडर गळ्यात मारली. बद्धकोष्ठतेने वैतागलेल्या माणसाला काय, कोणी काहीही विकावं! विक्रेत्याने ज्वारी, मटकी 'वातूळ' म्हणून बंद करायला लावली. पैसे स्वतःच्या मोबाइल नंबरवर घेतले, बिल दिलं नाही.

पहिल्याच सकाळी पोट साफ, अण्णा खूश. मग मुरडा यायला लागला. एखाद्या रात्री पावडर राहिली की पोट अडायचं. फोन केला की विक्रेता म्हणायचा, "काका, एक चमचा वाढवा." पुढे पाय वळायला लागले, जिना चढवेना. डॉक्टरांनी रक्त तपासलं तर पोटॅशियम कमी. त्यांनी डबा मागवला आणि तळाशी बारीक अक्षरांत छापलेल्या एका लॅटिन नावावर बोट ठेवलं : कॅसिया अँगुस्टिफोलिया. म्हणजे आपली सोनामुखी! ती आतड्यांना डिवचते आणि ६ ते १२ तासांत जुलाब करवते. कधीतरी घेणं वेगळं. रोज, वाढत्या मात्रेत घेतली की अंगातलं पाणी आणि क्षार निघून जातात.

खरं फायबर इतकं घाईत नसतं. इसबगोल पाणी धरून फुगतं, मळ मऊ करतं. त्याला १२ तासांपासून तीन दिवसांपर्यंत वेळ लागतो. त्यामुळे 'आज रात्री घ्या, उद्या सकाळी बघा' असं कोणी म्हणालं की आधी घटक वाचा. इसबगोलही भरपूर पाण्यासोबतच घ्यायचं, नाहीतर तेच अडकून बसतं.

'हाय फायबर' बिस्किटांच्या नावावरही भुलू नका. १०० ग्रॅममध्ये ६ ग्रॅम फायबर असलं की नियमाने तसं छापता येतं. घरच्या न चाळलेल्या कणकेत ते ११ ग्रॅमच्या आसपास असतं, ज्वारीच्या पिठात १०!

आता अण्णांच्या ताटात भाकरी परत आली आहे, पण डॉक्टरांच्या सल्ल्याने, हळूहळू वाढवत. एकदम वाढवलं तर गॅस होतो, आणि आतडं अरुंद झालेल्यांना जास्त फायबर चालतही नाही. मळात रक्त दिसलं किंवा वजन आपोआप उतरलं तर आहाराचे प्रयोग करत बसू नका, थेट डॉक्टर गाठा.

विक्रेत्याचा फोन बंद आहे. आम्ही डबा आणि पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट जपून ठेवलाय, १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रारही नोंदवली आहे. तुमच्याकडे असा डबा असेल तर तो फेकू नका.