इंजिन न उघडताच घेतले इंजिनकामाचे 64,300 रुपये

ठाण्यात जुनी गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाने हे वाचावं म्हणून लिहितेय. घोडबंदर रोडच्या आतल्या बाजूच्या एका गॅरेजवाल्याने माझ्याकडून 64,300 रुपये घेतले. रिंग-पिस्टन, बेअरिंग, बोअर, हेड, म्हणजे फुल इंजिनकामाचे. प्रत्यक्षात त्याने इंजिन उघडलंच नव्हतं. जाडं ऑईल ओतलं, बेल्ट ढिला केला, वरून डिझेल मारून इंजिन चकचकीत धुतलं आणि चावी माझ्या हातात दिली. प्रकरण ग्राहक आयोगात आहे, त्यामुळे गॅरेजचं नाव लिहीत नाही. बाकी सगळं लिहिणार आहे.

"एवढी शिकलेली बाई फसतेच कशी?" हे घरातल्यांकडून ऐकून झालंय. माझी गाडी 2010 सालची पेट्रोल हॅचबॅक, चार सिलिंडर, 1 लाख 12 हजार किलोमीटर झालेली. पंधरा वर्षं पूर्ण होत होती, म्हणजे नोंदणीचं नूतनीकरण, गाडीची तपासणी, पीयूसी, सगळं डोक्यावर. कारच्या नूतनीकरणाची फी 2022 च्या एप्रिलपासून 600 वरून 5,000 झाली आहे, हे ज्यांच्याकडे जुनी गाडी आहे त्यांना ठाऊक असेल. नवीन गाडीचा हप्ता मला झेपणारा नाही. आईला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावं लागतं आणि पावसात मानपाड्याला रिक्षा मिळणं काय असतं ते इथे राहणाऱ्यांना सांगायला नको. गाडी धड असणं ही माझी गरज होती, आणि समोरच्या माणसाने ती गरज बरोबर हेरली.

लक्षणं दोनच होती. सकाळी पहिल्यांदा गाडी चालू केली की सायलेन्सरमधून निळसर धुराचा एक झोत यायचा आणि लगेच थांबायचा. हजार किलोमीटरला साधारण अर्धा लिटर ऑईल कमी व्हायचं. दुसरं म्हणजे बेल्टच्या बाजूने घरघर यायची, ॲक्सिलरेटर दिला की वाढायची. पिकअप ठीक, एव्हरेज ठीक, ऑईलचा लाल दिवा कधी लागला नाही. हे सगळं मी त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. काम येणाऱ्या माणसाला एवढ्यावरून अर्धं निदान व्हायला हवं. त्याला काम येत होतं, म्हणून तर माझा राग जास्त आहे.

बाहेर मोफत तपासणीचा बोर्ड. माजिवड्याच्या ट्रॅफिकमधून रखडत गाडी तिथे नेली, इंजिन तापलेलं. बंद केल्याकेल्या त्याने डिपस्टिक ओढली, फडक्याला पुसली, परत घालून दाखवली. "बघा मॅडम, पट्टी कोरडी." गाडी नुकतीच बंद केली असेल तर ऑईल वर हेडमध्ये अडकलेलं असतं, खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑईल टाकीत, उतरायला वेळ लागतो, त्यामुळे पट्टी कमीच दाखवते. ऑईल बघायचं ते सकाळी, थंड इंजिनावर, सपाट जागी. मग त्याने गाडी चालू ठेवून ऑईलचं झाकण उघडलं. आतून वाफ आली. "हा धूर बघा, रिंगा गेल्या." रिंगा म्हणजे पिस्टनभोवतीची कडी. गरम इंजिनाचं झाकण उघडल्यावर थोडी वाफ बऱ्याच धडधाकट इंजिनांतूनही येते. शेवटी लांब स्क्रूड्रायव्हर इंजिनाला टेकवून दांडी कानाला लावली आणि म्हणाला, "बिग एंड (पिस्टनच्या रॉडचं खालचं बेअरिंग) बोलतंय. महिन्याभरात रॉड ब्लॉक फोडून बाहेर येईल. आईंना घेऊन जाता ना याच गाडीतून?"

आईचा उल्लेख मीच आधी बोलता बोलता केला होता. तो त्याने असा वापरला.

स्क्रूड्रायव्हरने आवाज ऐकणं खोटं नाही, जुने मिस्त्री ऐकतात. पण त्यावर थांबत नाहीत. घरघर बेल्टच्या बाजूची असेल तर बेल्ट काढून इंजिन काही सेकंद चालवून बघायचं. आवाज गेला तर दोष अल्टरनेटर, टेन्शनर, आयडलर अशा बेल्टवर फिरणाऱ्या भागांच्या बेअरिंगमध्ये, इंजिनाच्या आत नाही. सेकंदच म्हणतेय, कारण बऱ्याच गाड्यांत वॉटर पंपही त्याच बेल्टवर असतो. बिग एंड गेलेलं असेल तर खालून जड ठोका येतो, चढाला वाढतो, आणि त्या सिलिंडरच्या कॉइलचं सॉकेट काढलं, म्हणजे त्याचा स्पार्क बंद केला, की बदलतो. यातलं त्याने काहीही केलं नाही. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, मोजलं नाही. कॉम्प्रेशन मोजल्याशिवाय रिंगा गेल्या म्हणणाऱ्याकडून गाडी त्याच क्षणी परत घ्या.

आधी अंदाज 38,500 चा होता. 30,000 ॲडव्हान्स यूपीआयने दिले. तिसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर फोटो आला: निळ्या क्रेटमध्ये काळे पडलेले पिस्टन, शेजारी ओरखडे पडलेली बेअरिंग. खाली मेसेज, "खूपच खराब निघालं मॅडम, क्रँकपण मारावा लागेल," म्हणजे क्रँकशाफ्टही मशीनवर घासून घ्यावा लागेल. आकडा वाढला तो इथे.

फोटोत पिस्टन तीन होते. माझी गाडी चार सिलिंडरची. मी विचारलं होतं, चौथा कुठे? "तो मशीनवाल्याकडे, साइझ बघायला." हे उत्तर कुणालाही पटेल, मलाही पटलं.

पण त्याच संध्याकाळी ऑफिसातून येताना मी गॅरेजवर गेले, आणि ते मला अजून झोपू देत नाही. मी सोडली तेव्हा गाडी आत, भिंतीकडे तोंड करून उभी होती. आता ती बाहेर होती, रस्त्याकडे तोंड करून, वर ताडपत्री, बॉनेट बंद. म्हणजे त्या अरुंद गल्लीत कुणीतरी ती मागे घेतली, वळवली आणि लावली. जिचे पिस्टन क्रेटमध्ये आहेत ती गाडी. मी विचारलं, हिला बाहेर कशी आणली? तो म्हणाला, "चार पोरांनी ढकलली." मी बॉनेट उघडा म्हटलं. "आत सगळं ग्रीस आहे, ड्रेस खराब होईल तुमचा. उद्या हेड येतंय, तेव्हा या."

मी तिथे उभी होते. माझ्या गाडीचं बॉनेट, माझ्याकडे दुसरी चावी. उघडायला कुणाची परवानगी लागत नव्हती. पण गॅरेजमध्ये गाड्या ढकलतातच, आपण रोज बघतो. सहा-सात पुरुष कामं थांबवून माझ्याकडे बघत होते. डायलिसिस सेंटरमधून फोन येत होता. अशा वेळी ताडपत्री ओढून भांडण काढणारी बाई कितीजणांनी पाहिली आहे ते सांगा. तरीही रात्री डोळ्यांसमोर ती ताडपत्रीच येते. गाडी इंजिनकामाला दिली असेल तर बॉनेट उघडायला लावा, तो काहीही म्हणो. हेड उतरलेलं स्वतःच्या डोळ्यांनी बघा, ब्लॉकवर कोरलेला इंजिन नंबर आरसीवरच्या नंबराशी ताडून घ्या, आणि त्या नंबरासकट व्हिडिओ काढा. नुसते सुटे पार्ट कुणाचेही असू शकतात.

गाडी घ्यायला गेले तेव्हा हाताने लिहिलेला कागद मिळाला. पार्ट 27,800. बोअर-हेड-क्रँकचं मशीनकाम 11,500. मजुरी 18,000. ऑईल, फिल्टर, कूलंट 4,200. किरकोळ 2,800. एकूण 64,300. उरलेले 34,300 रोखच हवे होते. पक्कं बिल मागितलं तर "अठरा टक्के जीएसटी वर लागेल," म्हणजे आणखी 11,574. आधीच कंबरडं मोडलेलं असताना कोण देईल? त्यांना हे माहीत असतं, म्हणून तर तो आकडा पुढे करतात. जुने पार्ट मागितले तर भंगारवाला घेऊन गेला म्हणे. मजुरीचा आकडा ठरतो त्याच दिवशी लिहून घ्या की जुने पार्ट परत हवेत.

गाडी शांत झाली होती, हे खरं. 20 डब्ल्यू 50 सारखं जाडं ऑईल घातलं की जुनं इंजिन काही दिवस कमी आवाज करतं आणि ऑईलही कमी खातं. माझ्या गाडीला कंपनीने पातळ ऑईल सांगितलंय. बेअरिंगला ग्रीस मारून बेल्ट ढिला केला की घरघरही थांबते, पण मग बॅटरीचा दिवा लुकलुकायला लागतो. माझा लागला. महिन्याभरात घरघर परत आली. आणि गायमुखचा घाट उतरून सपाटीला ॲक्सिलरेटर दिल्यावर मागे निळा धूर, मागच्या दुचाकीवाल्याने हात करून दाखवला. गॅरेजवाल्याला विचारलं तर "नवीन इंजिन आहे मॅडम, रिंगा बसायला वेळ लागतो."

कळव्याच्या एका जुन्या मिस्त्रीकाकांकडे गेले. त्यांनी गाडी रात्रभर ठेवून घेतली आणि सकाळी माझ्यासमोर थंडच चालू केली. धूर बघून म्हणाले, "हे वॉल्व्ह सील." रिंगा गेल्या असत्या तर चढाला, जोर लावताना सतत धूर आला असता. रात्रभर उभी राहिल्यावर किंवा घाट उतरल्यावर एकच झोत येतो, तो कडक झालेल्या वॉल्व्ह सीलमधून झिरपलेल्या ऑईलचा. कॉम्प्रेशन चारही सिलिंडरला 165 ते 172 पीएसआय, म्हणजे चांगलं. बेल्ट काढला, आवाज बंद. आयडलरचं बेअरिंग. मी फोटो दाखवला तर क्षणभर बघून म्हणाले, "हे डिझेल गाडीचे पिस्टन आहेत. माथ्यावर हा वाटीसारखा खड्डा दिसतो का?"

स्पार्क प्लगच्या भोकातून त्यांनी छोटा कॅमेरा आत सोडला. पिस्टनवर वर्षानुवर्षांचा दगडासारखा कार्बन. खालून चेंबरला कंपनीचं मूळ सीलंट जसंच्या तसं. माझ्या गाडीत चेंबर उतरवल्याशिवाय बिग एंडचं बेअरिंग बदलताच येत नाही. हेडच्या बोल्टवरचा जुना गंजसुद्धा कुणी मोडला नव्हता.

काकांनी सांगितलं सगळं, पण लिहून दिलं नाही. "पोरी, मला याच धंद्यात राहायचंय." मी त्यांना दोष देत नाही. मग 4,500 रुपये देऊन परवानाधारक सर्व्हेअरकडून फोटोंसह रिपोर्ट करून घेतला आणि तो हातात येईपर्यंत गाडीला हात लावू दिला नाही. ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. आधी दुरुस्ती केलीत तर पुरावा गेला. त्यानंतर काकांनी काम केलं: वॉल्व्ह सीलचा सेट 1,450, टॅपेट कव्हर पॅकिंग 650, आयडलर 1,900, मजुरी 5,500, योग्य ग्रेडचं ऑईल आणि फिल्टर 2,300. एकूण 11,800. खरं दुखणं एवढंच होतं.

आता पोलिसांचं. रिपोर्ट, फोटो, यूपीआयची पावती सगळं घेऊन गेले. ड्युटीवरच्या साहेबांनी फाइल न उघडताच विचारलं, "गाडी चालू आहे ना? मग फसवणूक कसली?" म्हटलं, पैसे घेऊन काम केलेलंच नाही. "काम खराब झालं तर तो दिवाणी वाद." काम खराब झालं नाही हो साहेब, झालंच नाही! घरातून कार्बनचा फोटो काढून आणलाय का असं बघत होते माझ्याकडे. मग त्यांनी गॅरेजवाल्याला फोन लावला, तो म्हणाला कॉम्प्रेशन चांगलं आलं ते माझ्या नव्या रिंगांमुळेच, आणि साहेबांनी तेच वाक्य मला ऐकवलं. नव्या पिस्टनवर जुना कार्बन कुठून आला, हे त्याला विचारायची तसदी घेतली नाही. "मिस्टरना घेऊन या, बसून मिटवू." माझा अर्ज घेतला, पोच द्यायला तयार नाहीत. पुन्हा गेले तर साहेब बंदोबस्ताला, पुन्हा गेले तर अर्ज कुणाकडे आहे ते माहीत नाही. कर भरायचा, टोल भरायचा, पीयूसी एक दिवस उशिरा झाली तर दंड भरायचा, आणि आपले 64,300 गेले की ऐकायचं मिस्टरना घेऊन या. गॅरेजवर कुणाचं नियंत्रण आहे हे शोधत मी ज्या ज्या खिडकीवर गेले, तिथे "आमच्याकडे येत नाही" एवढंच उत्तर. माझी गाडी जरा धूर सोडते तर मला पकडायला सगळे आहेत, त्या माणसाला विचारायला कुणीच नाही.

पोलीस स्टेशनला दाद मिळाली नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173(4) खाली वरिष्ठांना लेखी तक्रार पोस्टाने पाठवता येते. स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोच मागून घ्या. मी पाठवली आहे. ग्राहक आयोगात 2019 च्या कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, दिलेले पैसे 5 लाखांपर्यंत असतील तर फी नाही, मुदत दोन वर्षांची. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते.

माझे आतापर्यंत 80,600 गेले: 64,300, सर्व्हेअरचे 4,500 आणि खऱ्या दुरुस्तीचे 11,800. त्यातल्या गॅरेजवाल्याला दिलेल्या 34,300 रोखीचा पुरावा म्हणजे सहीशिवायचा तो कागद, जो आता तो आपला नाहीच म्हणतोय. म्हणून एक विनंती. निळं क्रेट, त्यात माथ्यावर वाटी असलेले तीन काळे पिस्टन, उजव्या कोपऱ्यात ओरखड्यांची बेअरिंग, असा फोटो तुम्हाला, शेजाऱ्यांना, सोसायटीच्या ग्रुपवर कुणालाही "तुमच्या गाडीचे पार्ट" म्हणून आलेला असेल तर तो पुसू नका. तारीख आणि नंबर दिसेल असा स्क्रीनशॉट ठेवा आणि मला कळवा. तोच फोटो दुसऱ्या कुणाच्या गाडीच्या नावाने आला असेल, तर तेवढं एक प्रतिज्ञापत्र मला पुढच्या तारखेच्या आत हवं आहे.